पस्तिशी उलटल्यावर पुन्हा विद्यार्थी!

पंचबोल पॉइंटवर उभं राहून तुम्ही कधीतरी हाक मारलीच असेल. दरी तुमचाच आवाज तुम्हाला परत देते. चिखलदऱ्यात राहून वाद्य शिकणाऱ्याचंही असंच होतं. गिटार ऑनलाइन मागवता येते, यूट्यूबवर धडेही मिळतात. पण बोट चुकलं तर सांगणारं कुणी नसतं. तोवर डिग्री होते आणि घरचे म्हणतात, आता काय वय आहे का शिकायचं? तुमचंही असंच चाललं असेल, तर मेहली मेहतांबद्दल वाचाच.

जगप्रसिद्ध ऑर्केस्ट्रा कंडक्टर झुबिन मेहता तुम्हाला माहीत असतील. मेहली हे त्यांचे वडील. 25 सप्टेंबर 1908 रोजी मुंबईत, पारशी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतावर पोट भरणं तेव्हा मुंबईतही सोपं नव्हतं. व्हायोलिनवादक याशा हायफेट्झ हा त्यांचा आदर्श. मेहली मात्र बरंचसं स्वतःच्या बळावरच शिकले.

1935 मध्ये त्यांनी बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. हौशी पारशी, गोव्याचे वादक, नौदलाच्या बँडमधले वादक अशी मंडळी जमवली. 1940 मध्ये बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट सुरू केलं. क्वार्टेट म्हणजे दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो. चेलो हा व्हायोलिनचा थोरला भाऊच. बसून, गुडघ्यांमध्ये धरून वाजवतात. वादक चौघंच, त्यामुळे एकाचीही चूक लपत नाही.

नाव झालं होतं. इथंच थांबले असते तरी चाललं असतं. पण 1945 मध्ये मेहली न्यूयॉर्कला गेले, इव्हान गॅलेमियन यांच्याकडे शिकायला. वय पस्तिशीच्या पुढं आणि गुरू फक्त पाच वर्षांनी मोठे! तिथं पुन्हा संथ लयीतला सराव, आपल्या अलंकार-पलट्यांसारखे रोजचे स्केल आणि गज धरणाऱ्या उजव्या हाताची शिस्त.

मुंबईत पत्नी तेहमिना दोन मुलांना सांभाळत होत्या. झुबिन जेमतेम नऊ वर्षांचे, झरिन त्यांच्याहून लहान. वडील काही वर्षं घरात नव्हते. मेहलींच्या जिद्दीला टाळ्या वाजवताना ही किंमत घरच्यांनीही मोजली, हे विसरू नका.

पुढं 1955 मध्ये ते इंग्लंडला गेले. स्वतःचा ऑर्केस्ट्रा चालवलेला हा माणूस मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्रात नोकरीला लागला. मग अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या कर्टिस स्ट्रिंग क्वार्टेटमध्ये वाजवलं. आपल्याकडे ज्या वयात लोक पेन्शनचा हिशेब मांडतात, त्या वयात, 1964 मध्ये, लॉस एंजेलिसला त्यांनी अमेरिकन यूथ सिम्फनी सुरू केली. तीन दशकांहून जास्त काळ ते तिथं तरुण वादकांना घडवत राहिले. ज्याला स्वतःला गुरू उशिरा मिळाला, तो शेकडो पोरांचा गुरू झाला. 19 ऑक्टोबर 2002 रोजी, वयाच्या 94 व्या वर्षी ते गेले.

तेव्हा कपाटावरची गिटार खाली काढा, धूळ पुसा. यूट्यूबवरून सुरुवात करा, हरकत नाही. पण जमेल तेव्हा घाट उतरा. परतवाड्यात, अमरावतीत, जिथं मिळेल तिथं तुमची चूक तोंडावर सांगणारा माणूस शोधा. तेवढं काम दरीतला प्रतिध्वनी करत नाही.