स्वतःशींहि सौम्य : संत फ्रान्सिस डी सेल्स ह्यांचें चरित्र



ज्युबिलीच्या शुभप्रसंगीं मंदिराच्या भिंती रंगविल्या जातात, वेदीवर फुलें चढतात आणि गतकाळीं देवानें केलेल्या उपकारांचें स्मरण होतें. परंतु ह्याच मंदिरांत मागच्या बांकावर बसणारीं कांहीं माणसें अशीं असतात कीं, ह्या आनंदांत आपला वाटा आहे असें त्यांना वाटतच नाहीं. आपण पुन्हां पुन्हां पडलों, आतां देवाला तोंड कसें दाखवावें, ह्या विचारानें तीं पापनिवेदनास येत नाहींत आणि शेजाऱ्यापाशींहि मन उघडें करीत नाहींत. दुसऱ्याचे अपराध पोटांत घालणारा मनुष्य पुष्कळदां स्वतःला मात्र दयेचा कणहि देत नाहीं. अशांसाठीं जिनीव्हाचे बिशप संत फ्रान्सिस डी सेल्स ह्यांचें चरित्र येथें थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

आल्प्स पर्वताच्या कुशींत त्या काळीं सव्हॉय नांवाचें स्वतंत्र संस्थान होतें. आज तो मुलूख फ्रान्समध्यें मोडतो. तेथील तोरेन्स गांवीं सेल्स नांवाच्या गढींत, एका सरदार घराण्यांत, २१ ऑगस्ट १५६७ रोजीं फ्रान्सिस ह्यांचा जन्म झाला. थोरल्या मुलानें कायदेपंडित होऊन राजदरबारीं नांव काढावें, ही वडिलांची इच्छा. तदर्थ त्यांस पॅरिस येथें येशूसंघीयांच्या विद्यालयांत धाडण्यांत आलें.

१५८६ सालच्या अखेरीस, वयाच्या एकोणिसाव्या वर्षीं, त्यांच्यावर जें संकट आलें तें बाहेरून कोणास दिसण्याजोगें नव्हतें. कोणाचें तारण व्हावयाचें व कोणाचा नाश, हें देवानें आधींच ठरविलें आहे काय, हा वाद त्या काळीं पॅरिसच्या विद्वानांत जोरांत होता. तो ऐकतां ऐकतां ह्या भाविक तरुणाच्या मनानें घेतलें कीं, आपण नाश पावणाऱ्यांपैकींच आहों. सुमारें सहा आठवडे हें भय त्यांस सोडीना. अन्न गोड लागेना, झोंप येईना. अखेर १५८७ च्या जानेवारींत ते सेंत एतियेन ह्या मंदिरांत शिरले आणि पवित्र मरियेच्या काळ्या मूर्तीपुढें त्यांनीं गुडघे टेकले. तेथें त्यांनीं आपल्या पुण्याईचा हिशेब मांडला नाहीं. परलोकीं आपलें कांहींहि होवो, इहलोकीं तरी देवावर प्रेम करण्याचें आपण सोडणार नाहीं, असा निश्चय मात्र त्यांनीं केला. मग तेथें लावलेली मरियेची प्रार्थना म्हणून ते उठले, तों मनावरील ओझें गळून पडलेलें होतें. आपल्या तारणाची काळजी आपल्याहून देवास अधिक आहे, हें त्यांना त्या दिवशीं अनुभवानें कळलें. पुढें हजारों भयभीत जीवांशीं ते ज्या हळुवारपणें बोलले, त्याचें मूळ ह्या सहा आठवड्यांत आहे.

१५९१ सालीं पाडुआच्या विद्यापीठांत त्यांनीं कायद्याची सर्वोच्च पदवी मिळविली. मानाचें पद तयार होतें, वधूहि पाहून ठेवलेली होती. पण त्यांनीं धर्मगुरुपद पत्करण्याचें ठरविलें. वडिलांनीं नाखुशीनें संमति दिली आणि १८ डिसेंबर १५९३ रोजीं त्यांस गुरुदीक्षा मिळाली. पुढच्याच वर्षीं चुलतभाऊ लुई ह्यांस बरोबर घेऊन ते कॅल्विनपंथी झालेल्या शाब्ले प्रांतांत गेले. रात्र आलेंजच्या किल्ल्यांत काढावी व दिवसा पायीं तोनों शहरीं जावें, असा आरंभीं त्यांचा क्रम होता. प्रवचनास फारसें कोणी येईना. तेव्हां त्यांनीं पत्रकें लिहून घरोघरीं दारांखालून सरकविलीं. ह्याच लेखनसेवेस्तव १९२३ सालीं पोप अकरावे पायस ह्यांनीं त्यांना पत्रकारांचे व लेखकांचे आश्रयदाते संत म्हणून जाहीर केलें. चार वर्षांनीं त्या प्रांतांतील बहुतेक लोक कॅथलिक सभेंत परतले. सव्हॉयच्या ड्यूकची सत्ताहि त्यामागें उभी होती, हें इतिहासास धरून सांगितलें पाहिजे. तथापि फ्रान्सिस ह्यांचें स्वतःचें बळ सौम्य वाणींत होतें.

८ डिसेंबर १६०२ रोजीं त्यांचा बिशप म्हणून अभिषेक झाला. जिनीव्हा शहर कॅल्विनपंथीयांच्या हातीं असल्यामुळें त्यांना अ‍ॅनसी ह्या तळ्याकांठच्या गांवीं राहूनच कारभार पाहावा लागला. त्यांच्या शांत मुद्रेमुळें ते जन्मजात शांत असावेत असें लोकांस वाटे. परंतु मुळांत ते तापट होते आणि वर्षानुवर्षें झटून त्यांनीं तो ताप आवरला, असें परंपरा सांगते.

१६०४ च्या उपवासकाळांत दिजों शहरीं त्यांचीं प्रवचनें झालीं. श्रोत्यांत जेन द शांताल नांवाच्या एक तरुण विधवा होत्या. १६०१ सालीं शिकारींत एका मित्राच्या हातून चुकून गोळी सुटली आणि त्यांचे पति दगावले. पदरीं चार मुलें होतीं. त्या मित्राला क्षमा करणें बाईंना अतिशय जड जात होतें. त्यांतच पूर्वींच्या एका मार्गदर्शकानें, आपल्याखेरीज कोणाशींहि आत्म्याविषयीं बोलूं नये, असें वचन त्यांच्याकडून घेतलेलें. फ्रान्सिस ह्यांनीं त्यांस त्या बंधनांतून मोकळें केलें आणि क्षमेच्या बाबतींतहि घाई केली नाहीं. कालांतरानें त्याच मनुष्याच्या मुलाची धर्ममाता होण्याइतकें त्या बाईंचें मन मोकळें झालें.

१६०९ सालीं फ्रान्सिस ह्यांचें भक्तिमय जीवनावरील सुप्रसिद्ध पुस्तक प्रसिद्ध झालें. श्रीमती शार्म्वाझी ह्या नातलग बाईंस लिहिलेल्या उपदेशपर पत्रांतून तें तयार झालें. संसारी माणसानेंहि आपल्या घरीं व धंद्यांत राहून पवित्र व्हावें, हा त्याचा विषय. त्याच्या तिसऱ्या भागांत स्वतःशीं सौम्यपणें वागण्याविषयीं एक स्वतंत्र प्रकरण आहे. कित्येक लोक रागावतात, मग आपण रागावलों म्हणून स्वतःवर रागावतात, आणि अशा रीतीनें एका दोषाचे दोन होतात. हा दुसरा राग पश्चात्तापासारखा दिसतो खरा, पण त्याच्या पोटीं अहंकार असतो. आपण इतके चांगले असतां आपल्या हातून असें व्हावेंच कसें, हें दुःख त्यांत असतें. बाप मुलाला शांतपणें समजावतो तेव्हां मूल अधिक सुधारतें. तसेंच आपण आपल्या अंतःकरणास समजवावें. येथें पापास सूट नाहीं. पापाबद्दल दुःख व्हावें, पण तें शांत व दृढ असावें, आणि त्यानें आपल्याला उठवून देवाकडे न्यावें, इतकेंच त्यांचें सांगणें आहे.

हें त्यांनीं स्वतः आचरिलें. १६१० च्या मार्च महिन्यांत त्यांची आई वारली. त्यांनींच तिला अखेरचा आशीर्वाद दिला, तिचे डोळे मिटले, आणि मग मन भरून रडले. बिशपाला अश्रू शोभत नाहींत असें त्यांना वाटलें नाहीं. आपण रडलों हें त्यांनीं शांतालबाईंना पत्रानें मोकळेपणीं कळविलेंहि.

त्याच वर्षीं ६ जून रोजीं ह्या दोघांनीं अ‍ॅनसी येथें मरियाभेटीच्या भगिनींचा संघ स्थापिला. इतर मठांचे कडक उपासतापास ज्यांच्या देहाला झेपत नसत, अशा अशक्त स्त्रियांना व विधवांनाहि येथें मुद्दाम जागा होती. शांतालबाई स्वतः वर्षानुवर्षें श्रद्धेविषयींच्या शंकांनीं आंतून पोळत असत. तरी १६४१ सालीं त्या वारल्या तेव्हां ह्या संघाचीं ८० हून अधिक घरें उभीं होतीं. दुबळेपणा लपविणाऱ्यांनीं तो संघ उभा केला नव्हता.

२८ डिसेंबर १६२२ रोजीं लियों शहरीं, त्याच भगिनींच्या मठांतील माळ्याच्या खोलींत, फ्रान्सिस देवाघरीं गेले. १६६५ सालीं ते संत व १८७७ सालीं ख्रिस्तसभेचे आचार्य म्हणून घोषित झाले. त्यांच्या नांवाचा मिशनरी संघ १८३८ सालीं अ‍ॅनसी येथेंच स्थापन झाला. त्याचे धर्मगुरु १८४५ सालीं भारताकडे निघाले आणि पुढें नागपूरपर्यंत पोंचले. नागपूरचें बिशपमंदिर आज ह्याच संतांच्या नांवानें उभें आहे.

बंधुभगिनींनो, ह्या चरित्रांत कोणीहि एकट्यानें सावरलेला नाहीं. तरुण फ्रान्सिसला मरियेच्या मंदिराचा उंबरठा लाभला, शांतालबाईंना फ्रान्सिस लाभले, आणि आईच्या वियोगांत फ्रान्सिस ह्यांना शांतालबाई लाभल्या. धर्मग्राम म्हणजे ह्याहून वेगळें काय? आपल्यापैकीं जो कोणी स्वतःवर रुसून दूर राहिला असेल, त्यानें ह्या ज्युबिलींत निदान एका विश्वासू माणसापाशीं मन उघडें करावें आणि मग निर्भयपणें पापनिवेदनास यावें. आणि ज्यांच्यापाशीं तो मन उघडें करील, त्यांनीं उपदेशाची घाई न करतां आधीं ऐकून घ्यावें. प्रभु येशू ख्रिस्त पडलेल्यांस उठवावयासच आला. ज्याला तो क्षमा करितो, त्यानें स्वतःला शिक्षा करीत बसूं नये. संत फ्रान्सिस डी सेल्स आपणां सर्वांसाठीं विनंती करोत.