गहाण पडलेलं घर आणि गोळेश्वरचा पैलवान

कराडला लागूनच गोळेश्वर हे गाव. तिथं १५ जानेवारी १९२६ रोजी दादासाहेब जाधव या पैलवानाच्या घरी खाशाबांचा जन्म झाला. पाच भावांत ते धाकटे. कुस्तीचे पहिले डाव वडिलांनीच शिकवले. शेतीची कामं आणि तालीम सांभाळून शिक्षण कराडच्या टिळक हायस्कुलात झालं.

पुढं त्यांनी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात नाव घातलं. अंगानं किरकोळ. कॉलेजच्या वार्षिक स्पर्धेत कुस्तीला नाव द्यायला गेले, तर अंगकाठी बघूनच त्यांना माघारी धाडण्यात आलं. पण पोरगं जिद्दीचं. ते थेट प्राचार्य खर्डेकरांपुढं जाऊन उभं राहिलं. प्राचार्यांनी परवानगी दिली आणि या किरकोळ पोरानं भलेभले गडी लोळवले. तेव्हापासून कॉलेज त्यांच्या पाठीशी उभं राहिलं.

१९४८ साली लंडन ऑलिंपिकला जायचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. खाशाबांना सवय लाल मातीची आणि तिथं कुस्ती गादीवरची. मातीत गडी चीत झाला की कुस्ती संपली. गादीवर मात्र गुणांचा हिशोब, वेळेचं बंधन. तरीही त्यांनी सहावा नंबर काढला.

१९५२ साली फिनलंडमधल्या हेलसिंकी शहरात ऑलिंपिक भरलं. निवड झाली, पण जायला पैसा नाही. गावानं वर्गणी गोळा केली, तरी रक्कम पुरेना. तेव्हा खर्डेकर सरांनी आपलं राहतं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. त्या काळचे सात हजार, ही काही लहान रक्कम नव्हे.

त्या पैशाचं चीज झालं. ५७ किलो गटात कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवून खाशाबांनी कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताला एकट्या खेळाडूनं मिळवून दिलेलं हे पहिलं ऑलिंपिक पदक. दुसरं यायला १९९६ साल उजाडावं लागलं. कराड स्टेशनपासून गोळेश्वरपर्यंत शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. एरवी चुटकीसरशी उरकणाऱ्या वाटेला त्या दिवशी तासन् तास लागले.

मिरवणूक संपली, पण खाशाबा कर्ज विसरले नाहीत. त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांचा फड भरवला, स्वतः लढले आणि मिळालेल्या पैशातून सरांचं घर सोडवायला हातभार लावला.

१९५५ साली ते मुंबई पोलिसात फौजदार म्हणून लागले. बढतीसाठी मात्र वर्षानुवर्षं वाट पाहावी लागली. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात त्यांचा अंत झाला. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणानंतर, २००० सालचा.

सरकारला ओळख पटायला एवढी वर्षं लागली. गावाला आणि मास्तरांना ती आधीच पटली होती. आपल्या शाळेतही असं एखादं किरकोळ अंगाचं पोरगं असेल. नाव द्यायला आलं, तर त्याला अंगकाठी बघून माघारी धाडू नका. शाळेचं मैदान मोकळं आहे का, गावच्या तालमीला कुलूप तर नाही ना, एवढं सरपंच आणि ग्रामसेवकांनी बघावं. त्याला घर गहाण ठेवावं लागत नाही.