शिरढोणचा हिशेबनीस आणि कर्नाळ्याची ठेव

पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागले की शिरढोण येते आणि पुढे कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका. वासुदेव बळवंत फडके ४ नोव्हेंबर १८४५ रोजी याच शिरढोणात जन्मले. आजोबा अनंतराव कर्नाळ्याचे किल्लेदार होते. १८१८ मध्ये किल्ला इंग्रजांकडे गेला, किल्लेदारी संपली. नातवाच्या वाट्याला डोंगर आणि रान तेवढे उरले.

हा मुलगा पुढे पुण्यात लष्कराच्या हिशेबखात्यात कारकून झाला. पंधराएक वर्षे त्याने इमानाने जमाखर्च लिहिला. शिरढोणला आई आजारी पडली, रजा मिळाली नाही. तसेच निघून घरी पोचले तेव्हा आई गेलेली होती. वर्षश्राद्धालाही रजा नाकारली गेली. रजेचे अर्ज हाताळण्यात ज्याची हयात गेली, त्या माझ्यासारख्याला वाटते, की बंडाची पहिली ठिणगी त्या नकाराच्या शेऱ्यातच पडली असावी.

लहुजी वस्तादांच्या तालमीत शस्त्रे शिकून झाली होती. त्यात १८७६ ते १८७८ चा दुष्काळ दख्खनवर कोसळला. १८७७ मध्ये प्रशांत महासागर विलक्षण तापला होता. त्या एल निनोचा या दुष्काळाशी संबंध हवामानशास्त्रज्ञांनी पुढे दाखवला. गावोगाव हिंडणाऱ्या वासुदेव बळवंतांना दिसत होती ती उपाशी माणसे, आणि अशा काळातही देशाबाहेर जाणारे धान्य. नोकरी सोडून, रामोशी साथीदार घेऊन ते डोंगरात शिरले. २३ फेब्रुवारी १८७९ ला शिरूर तालुक्यातील धामारीवर पहिला छापा पडला.

बंडाला आसरा होता तो रानाचा. सरकारने आदल्याच वर्षी, १८७८ मध्ये, नवा वनकायदा करून राखीव जंगलावरची पकड आवळली होती. सरकारी वहीत जंगल म्हणजे मुख्यतः लाकूड. एक मोठी रक्कम मात्र त्या वहीत मांडलीच नव्हती. झाड हवेतला कार्बन डायऑक्साइड घेते. वाळलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मा कार्बनच असतो. पाचोळा, मुळे कुजून त्यातला काही भाग मातीत मुरतो. जगभरच्या मातीत मिळून हवेपेक्षा आणि सगळ्या झाडाझुडपांपेक्षाही अधिक कार्बन आहे. खाडीकाठी तर कांदळवनाखालच्या चिखलात प्राणवायू पोचत नाही, कुजणे मंदावते आणि शतकानुशतकांचा कार्बन तिथेच दबून राहतो. ही ठेव मोडायला सही लागत नाही. वणवा, कुऱ्हाड किंवा भराव पुरेसा होतो.

मे १८७९ मध्ये दौलतराव नाईकांनी पनवेलजवळच्या पळस्प्यावर छापा घालून मोठी लूट मिळवली. परतताना मेजर डॅनियलच्या तुकडीने गाठले आणि दौलतराव मारले गेले. इथून बंड ओसरले. वासुदेव बळवंत २० जुलैला विजापूरकडच्या देवर नावदगी येथे झोपेत पकडले गेले. पुण्याच्या खटल्यात सार्वजनिक काकांनी त्यांची बाजू मांडली. शिक्षा जन्मठेपेची झाली आणि रवानगी एडनला. हिरव्या डोंगराखाली वाढलेला माणूस त्या रखरखीत खडकावर गेला. तिथूनही कोठडीचे दार उखडून ते निसटले होते, पण पुन्हा सापडले. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी ते वारले.

त्या सुमारास हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २९० भाग होते. आज ते ४२० च्या वर गेले आहेत. कर्नाळ्याचे १९६८ मध्ये पक्षी अभयारण्य झाले, म्हणून तिथली ठेव बरीचशी शाबूत आहे, जरी महामार्ग तिच्या मधूनच जातो. खाडीचे तसे नाही. २०२५ मध्ये उद्घाटन झालेल्या विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली, नदीचा प्रवाह वळवला, कांदळवन तोडले. भरपाईदाखल दुसरीकडे रोपे लावता येतात आणि ती जगतातही. मात्र तोडलेल्या कांदळवनाखाली जेवढा चिखल साचला होता, तेवढा नव्या रोपांखाली साचायला शतके जावी लागतील.