राफाएल सबातिनी : आईच्या भाषेत लिहिणारा दर्यावर्दी कादंबरीकार

'कॅप्टन ब्लड' आणि 'द सी हॉक' या सागरी साहसकथांची नावे जुन्या इंग्रजी चित्रपटांमुळे आपल्यापैकी अनेकांच्या कानावर आहेत. त्या लिहिणारे राफाएल सबातिनी मात्र जन्माने इंग्रज नव्हते, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. घरात एक भाषा, शाळेत दुसरी आणि बाजारात तिसरी बोलणाऱ्या आपल्यासारख्या कुटुंबांना त्यांचे चरित्र जवळचे वाटेल, म्हणून त्यांची ही ओळख.

सबातिनी यांचा जन्म २९ एप्रिल १८७५ रोजी इटलीतील येसी या गावी झाला. वडील विन्चेन्झो इटालियन, तर आई अ‍ॅना ट्रॅफर्ड इंग्रज. दोघेही संगीतिकांमध्ये गाणारे कलावंत. गाण्याचे दौरे सतत चालू असल्याने लहानग्या राफाएलला काही वर्षे इंग्लंडमध्ये आजोळी ठेवले होते. पुढे आईवडिलांनी गायन शिकवण्याचा व्यवसाय सुरू केला. मुलाचे शिक्षण पोर्तुगालमध्ये आणि नंतर स्वित्झर्लंडमध्ये झाले. इटालियन, पोर्तुगीज, फ्रेंच, जर्मन अशा भाषा तो मुलगा ज्या त्या गावी राहता राहता शिकला.

सतराव्या वर्षी ते इंग्लंडला परतले आणि लिव्हरपूलच्या व्यापारी जगात कामाला लागले. परदेशी पत्रव्यवहारासाठी इतक्या भाषा जाणणारा तरुण पेढीला हवाच होता. पोटाची सोय झाली, पण मन गोष्टी लिहिण्यात रमले. लिहायचे कोणत्या भाषेत, हा प्रश्न त्यांच्यासमोर खराच होता. शिक्षण इंग्लंडबाहेर झालेले आणि नाव इटालियन. तरीही त्यांनी इंग्रजी निवडली. ती आईची भाषा होती आणि आवडत्या गोष्टी त्यांनी त्याच भाषेत वाचल्या होत्या.

पहिली कादंबरी १९०२ मध्ये आली. त्यानंतर जवळजवळ दरवर्षी एक पुस्तक येत गेले, पण नाव काही होईना. याच काळात त्यांनी इतिहासाचा कसून अभ्यास केला. १९१२ मध्ये त्यांनी इटलीतील सेझारे बोर्जा यांचे चरित्र प्रसिद्ध केले. बोर्जा घराण्याबद्दल विषप्रयोगाच्या आणि अनाचाराच्या असंख्य कहाण्या शतकानुशतके सांगितल्या जात होत्या. सबातिनींनी प्रत्येक कहाणी प्रथम कोणी लिहिली, त्या माणसाचे बोर्जांशी वैर होते का, पुरावा काय, हे तपासले. बोर्जांना त्यांनी देव्हाऱ्यात बसवले नाही, पण शत्रूंनी पसरवलेली अफवा आणि इतिहास यांत फरक करायला हवा, हा आग्रह त्यांनी धरला. पुढच्याच वर्षी स्पेनमधील इन्क्विझिशनचा प्रमुख तोर्केमादा याच्यावरचे त्यांचे पुस्तक आले. गोव्यातील आपल्या वाचकांना हा विषय परका नाही. पोर्तुगिजांनी १५६० मध्ये गोव्यात सुरू केलेले इन्क्विझिशन १८१२ पर्यंत चालले.

१९१५ साली आलेल्या 'द सी हॉक'मध्ये एक इंग्रज सरदार सख्ख्या नात्यातल्या दगाबाजीमुळे गुलामीत जातो आणि उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचा नामांकित चाचा बनतो. पहिल्या महायुद्धात सबातिनी यांनी ब्रिटिश गुप्तवार्ता खात्यासाठी भाषांतराचे काम केले आणि ब्रिटिश नागरिकत्व स्वीकारले.

खरे यश १९२१ मध्ये आले. फ्रेंच राज्यक्रांतीच्या पार्श्वभूमीवरील 'स्कारामूश' ही कादंबरी गाजली, तेव्हा ते ४६ वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी 'कॅप्टन ब्लड' आली. १६८५ साली इंग्लंडमध्ये झालेल्या बंडात एक डॉक्टर जखमी बंडखोरावर उपचार करतो. या गुन्ह्यासाठी त्याला गुलाम म्हणून बार्बाडोस बेटावर पाठवले जाते. तिथून तो शत्रूचे जहाज काबीज करून निसटतो. कथेचा आधार खरा आहे. हेन्री पिटमन नावाच्या डॉक्टरला त्या बंडानंतर अशीच शिक्षा झाली होती आणि तोही बार्बाडोसहून पळाला होता. चाचा कोणाला म्हणायचे, हा प्रश्न या कादंबरीत वारंवार येतो. ज्या सरखेल कान्होजी आंग्रे यांनी मराठ्यांचे आरमार सांभाळले, त्यांना इंग्रजांच्या कागदपत्रांत चाचाच म्हटले आहे. त्यामुळे हा प्रश्न मराठी वाचकाला लगेच कळतो.

आता जुनी पुस्तकेही नव्याने छापली जाऊ लागली, चित्रपट निघाले. पण १९२७ मध्ये त्यांचा एकुलता एक मुलगा ऐन तारुण्यात मोटार अपघातात गेला. काही वर्षांनी पहिला विवाह मोडला. १९३५ मध्ये त्यांनी ख्रिस्तीन यांच्याशी लग्न केले आणि ते इंग्लंड व वेल्सच्या सीमेजवळ राहू लागले. १९४० मध्ये ख्रिस्तीन यांचा वायुदलातील मुलगा घराजवळच विमान कोसळून मरण पावला. एवढे दुःख सोसूनही त्यांनी लेखणी खाली ठेवली नाही. प्रकृती खालावल्यावर वेग मंदावला, तरी त्यांची शेवटची कादंबरी १९४९ मध्ये आली.

१३ फेब्रुवारी १९५० रोजी स्वित्झर्लंडमधील आडेलबोडेन येथे त्यांचे निधन झाले. तिथेच त्यांची समाधी आहे. त्या शिळेवर 'स्कारामूश'चे पहिले वाक्य इंग्रजीत कोरलेले आहे.

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. म्हणजे २०११ पासून सबातिनी यांच्या पुस्तकांचे मराठी भाषांतर कोणालाही करता येते. आपल्या मुलांना इंग्रजी उत्तम येते आणि मराठी ती घरात बोलतात. सुट्टीत एखाद्या मुलाने आजीआजोबांना सोबत घेऊन 'कॅप्टन ब्लड'चे एक प्रकरण जरी मराठीत आणले, तरी आम्हाला ते वाचायला फार आवडेल.