प्राध्यापकाचा अर्थसंकल्प

निवडणूक जवळ आली की आयकराच्या गोष्टी सुरू होतात. मोठे पक्ष बोलतात ते एक वेळ समजू शकते. पण आघाडीच्या कोपऱ्यात दोन-चार जागांच्या आधाराने उभा असलेला लहान पक्षही करमुक्त उत्पन्नाची मर्यादा इतकी वाढवू, अमुक कर काढून टाकू, असे छातीठोकपणे सांगतो. तिजोरीच्या किल्ल्या आपल्या हाती येणार नाहीत, हे त्याला ठाऊक असते. त्यामुळे त्याचा हात सढळ असतो.

अशी बातमी वाचली की मला प्रा. मधु दंडवते आठवतात. सारे आयुष्य लहान पक्षांत आणि विरोधी बाकांवर काढलेला हा माणूस. 1989 च्या डिसेंबरात एका अल्पमतातल्या आघाडी सरकारात खरोखरच तिजोरीच्या किल्ल्या त्यांच्या हाती आल्या. त्या वेळी मी वाशीम भागातल्या एका बँकेच्या शाखेत तिशीतला अधिकारी होतो. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातले तालुक्याचे गाव होते. स्वतंत्र जिल्हा झाला तो 1998 साली. दिल्लीत दिलेले वचन गावातल्या काउंटरवर पोचते तेव्हा त्याचे काय होते, ते मी तिथे पाहिले.

दंडवत्यांचा जन्म 21 जानेवारी 1924 चा, अहमदनगरचा. मुंबईत भौतिकशास्त्र शिकले आणि डॉ. आंबेडकरांच्या संस्थेने काढलेल्या सिद्धार्थ महाविद्यालयात तेच शिकवू लागले. 1942 च्या आंदोलनाने त्यांना राजकारणात ओढले आणि समाजवादी विचाराने तिथेच धरून ठेवले. 1955 च्या गोवा सत्याग्रहात त्यांनी पोर्तुगीज पोलिसांचा मार खाल्ला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातही ते होते. पत्नी प्रमिलाताई त्याच वाटेवरच्या. पुढे त्याही लोकसभेत गेल्या.

1971 च्या जानेवारीत बॅरिस्टर नाथ पै अकाली गेले. त्यांच्या राजापूर मतदारसंघाने दंडवत्यांना लोकसभेत पाठवले आणि मग सलग पाच वेळा पाठवले. कोकणातला माणूस गरीब असेल, पण आपला खासदार संसदेत काय बोलतो यावर त्याचे लक्ष असते. दंडवते बोलत ते आकडेवारी घेऊन, तयारी करून, आणि अधूनमधून असा विनोद करीत की समोरचे मंत्रीही हसत. आणीबाणीत नवराबायको दोघेही तुरुंगात गेले, तेही वेगवेगळ्या. ते बंगळूरला, प्रमिलाताई येरवड्याला. त्या दिवसांत संसार पत्रांवर चालला.

1977 साली जनता सरकारात ते रेल्वेमंत्री झाले. आमच्या भागातल्या लोकांना त्यांची ओळख झाली ती इथे. तेव्हा वाशीमहून मीटरगेजच्या गाडीने डुलत डुलत अकोल्याला जायचे आणि तिथे मुंबई-हावडा मार्गावरची मोठी गाडी धरायची. दुसऱ्या वर्गाचा प्रवास म्हणजे रात्रभर लाकडी फळीवर कूस बदलणे. दंडवत्यांनी त्या फळ्यांवर दोन इंचांचा फोम बसवायला घेतला. 1977 च्या डिसेंबरात गीतांजली एक्स्प्रेस सुरू झाली. वेगवान, आणि तरी सगळे डबे दुसऱ्या वर्गाचे. ती अकोल्यावरूनच जाई. 1974 च्या संपात नोकरी गमावलेल्या रेल्वे कामगारांना त्यांनी परत घेतले. पहिल्या वर्गाच्या सुखसोयी काढून न घेता दुसऱ्या वर्गाचे कष्ट कमी करायचे, ही त्यांची समाजवादाची सोपी रीत होती. माझ्या वडिलांना राजकारणातले फारसे कळत नसे, पण दंडवते म्हणजे गादीवाले मंत्री हे त्यांना पक्के ठाऊक होते.

आता 1989. राष्ट्रीय मोर्चाने निवडणुकीत वचन दिले होते की शेतकऱ्यांचे 10,000 रुपयांपर्यंतचे कर्ज माफ करू. विश्वनाथ प्रताप सिंह पंतप्रधान झाले. सरकार उभे होते ते एका बाजूने भाजप आणि दुसऱ्या बाजूने डावे पक्ष यांच्या बाहेरून मिळणाऱ्या पाठिंब्यावर. देशाची देणी वाढलेली, परकीय चलन आटत चाललेले. अशा वेळी अर्थखाते दंडवत्यांकडे आले.

त्यांनी 1990 च्या मार्चमध्ये मांडलेला अर्थसंकल्प आज फारसा कुणाला आठवत नाही. त्यात आयकरमुक्त उत्पन्नाची मर्यादा 18,000 वरून 22,000 रुपयांवर गेली. शाखेतले कर्मचाऱ्यांचे आयकराचे हिशेब मीच मांडत असे. आमचा एक शिपाई त्या वर्षी करातून सुटला, तेव्हा त्याने सगळ्यांना चहा पाजला.

पण खरी गोष्ट त्याहून बारीक होती. तोवर विमा, भविष्यनिर्वाह निधी, बचतपत्रे यांत घातलेली रक्कम उत्पन्नातून वजा होई. वरवर पाहता सर्वांना सारखा नियम. पण 50 टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाने 5,000 रुपये गुंतवले तर त्याचे 2,500 वाचत आणि 20 टक्क्यांच्या टप्प्यातल्याचे 1,000 च. बचत सारखी, बक्षीस मात्र श्रीमंताला मोठे. दंडवत्यांनी ही वजावट काढून कलम 88 आणले. गुंतवणुकीच्या 20 टक्के रक्कम थेट करातून कमी. साहेब असो की कारकून, 5,000 वर दोघांनाही 1,000. कागदावर मी हा हिशेब मांडला तेव्हा वरचे साहेब थोडे हिरमुसले आणि रोखपालाच्या चेहऱ्यावर हसू आले. कुठल्याही सभेत टाळ्या मिळवणारी ही गोष्ट नव्हती. वर्गात फळ्यावर समीकरण दुरुस्त करणाऱ्या प्राध्यापकाचे ते काम होते.

त्याच वर्षी सुवर्ण नियंत्रण कायदाही गेला. कित्येक वर्षे सोनारांना धाकात ठेवणारा तो कायदा तस्करी मात्र थांबवू शकला नव्हता.

कर्जमाफीचे तसे झाले नाही. वचन पाळले गेले, यात शंका नाही. 2 ऑक्टोबर 1989 रोजी थकीत असलेली 10,000 पर्यंतची रक्कम माफ होणार होती. शेतकऱ्यांची, तशीच कारागिरांची आणि विणकरांची. मुद्दाम कर्ज बुडवणारे वगळायचे होते. पण मुद्दाम कोण आणि नाइलाजाने कोण, हे लेजरमधून कसे ओळखायचे? आम्ही रात्री उशिरापर्यंत याद्या करीत बसलो. कापसाच्या पट्ट्यातल्या कित्येक घरांवरचे ओझे त्या याद्यांनी उतरवले. नवे पीककर्ज मिळण्याचा त्यांचा मार्ग मोकळा झाला. ते सुख मी डोळ्यांनी पाहिले आहे.

पण एक दिवस एक म्हातारे शेतकरी आले. यादीत आपले नाव का नाही, असे विचारू लागले. मी खाते काढले. विहिरीवरच्या इंजिनाचे कर्ज त्यांनी 1989 च्या उन्हाळ्यात फेडून टाकले होते. बायकोच्या पाटल्या मोडून फेडले, असे त्यांनी सांगितले. त्यांच्या बांधाशेजारच्याने एक हप्ता भरला नव्हता; त्याचे माफ झाले. मी नियम समजावून सांगितला. ते रागावले नाहीत. फक्त इतकेच म्हणाले की साहेब, मग आमचे चुकलेच. त्या वाक्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. पुढची काही वर्षे वसुलीला गावात गेलो की ते वाक्य माझ्या आधी तिथे पोचलेले असे.

याचा दोष एकट्या दंडवत्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. वचन आघाडीचे होते, आणि ते मोडले असते तरी लोकांनी दोष दिलाच असता. कलम 88 आणि कर्जमाफी, दोन्ही एकाच मंत्र्याच्या कारकिर्दीतल्या. पहिलीत विचार आधी झाला. दुसरीत वचन आधी दिले गेले आणि विचाराला मागून पळावे लागले.

1990 च्या नोव्हेंबरात सरकार पडले. 1991 च्या निवडणुकीत राजापूरनेही त्यांना घरी बसवले. पुढे 1996 ते 1998 या काळात, दुसऱ्या एका आघाडीच्या राजवटीत, ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष होते. 1998 च्या जानेवारीत कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. तिच्यासाठी त्यांनी जन्मभर पाठपुरावा केला होता. पैशाचे कुठलेही किटाळ अंगाला लागू न देता ते 12 नोव्हेंबर 2005 रोजी गेले. देहही त्यांनी जे. जे. रुग्णालयाला देऊन टाकला. योगायोग असा की त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पाने कलम 88 काढले आणि उत्पन्नातून वजावट देण्याची जुनी रीत परत आणली.

आता 2025 च्या अर्थसंकल्पाने नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर ठेवलेला नाही. 22,000 चा आकडा नातवाला सांगितला तर तो हसतो. आकडे बदलतात. पण करसवलतीचे नवे वचन कानावर आले की मी अजून जुन्या सवयीने कागद ओढतो आणि दोन रकाने आखतो. याचा लाभ कुणाला, आणि ज्याने मुकाट्याने भरले त्याचे काय? दुसऱ्या रकान्यापाशी आलो की पाटल्या मोडून आलेले ते म्हातारे काउंटरपलीकडे उभे असतात.