धूमकेतूंचा पारधी : चार्ल्स मेस्ये

निरभ्र, काळोख्या रात्रीं एखादी लहानशी दुर्बीण आकाशांतून हळूहळू फिरवीत नेली, तर मधूनमधून ताऱ्यासारखा बिंदुरूप नसलेला असा एखादा फिकट, धुरकट ठिपका नजरेस पडतो. असे ठिपके हुडकून काढणें, त्यांची जागा नोंदून ठेवणें आणि पुढील रात्रीं ते हालले कीं नाहीं हें पाहणें, यांत ज्यानें आपलें उभें आयुष्य वेंचलें, त्या फ्रेंच ज्योतिर्विदाचें अल्प चरित्र येथें सादर करीत आहों.

चार्ल्स मेस्ये याचा जन्म २६ जून १७३० रोजीं लोरेन प्रांतांतील बादोंव्हिये या गांवीं झाला. बारा भावंडांत तो दहावा. तो अकरा वर्षांचा असतांनाच त्याचे वडील वारले. १७४४ सालीं सहा शेपट्यांचा एक मोठा धूमकेतु दिसला, आणि १७४८ सालीं त्याच्या गांवाहून कंकणाकृति सूर्यग्रहण दिसलें. त्या दृश्यांनीं मुलाचें मन आकाशाकडे ओढून घेतलें. १७५१ सालीं तो पोटापाण्यासाठीं पॅरिसला गेला, तेव्हां सुंदर वळणदार अक्षर एवढेंच काय तें भांडवल त्याच्याजवळ होतें. नौदलाचा ज्योतिर्विद देलील यानें त्याला कारकून म्हणून ठेविलें तें या अक्षरासाठींच. आणि पहिलें काम दिलें तें चीनविषयींच्या नकाशाची नक्कल करण्याचें. (अक्षराबद्दल शिक्षक उगाच कटकट करतात असें मानणाऱ्या विद्यार्थ्यांनीं येथें क्षणभर थांबावें.)

हॅलेचा धूमकेतु १७५८ च्या सुमारास परत यावा असें भाकित झालें होतें. देलीलनें तो कोठें दिसेल याचा नकाशा काढून दिला आणि मेस्ये रात्रीमागून रात्री तेथें शोधूं लागला. नकाशाच चुकीचा होता! १७५८ च्या नाताळाच्या रात्रीं सॅक्सनीमधील पालिट्श नांवाच्या शेतकऱ्यानें तो धूमकेतु प्रथम पाहिला. ही वार्ता पॅरिसला पोंचण्यापूर्वींच, २१ जानेवारी १७५९ रोजीं, मेस्येलाही तो स्वतंत्रपणें सांपडला. परंतु देलीलनें कित्येक आठवडे तें जाहीर करूं दिलें नाहीं. कारकुनानें धन्याची आज्ञा पाळली. त्याला काय वाटलें असेल याची कल्पना वाचकांनींच करावी.

परंतु याच खटपटींत एक निराळीच गोष्ट घडली. २८ ऑगस्ट १७५८ रोजीं दुसऱ्या एका धूमकेतूचा माग काढीत असतां वृषभाच्या शिंगाच्या टोंकाजवळ त्याला एक धुरकट ठिपका दिसला. धूमकेतु असेल तर तो जवळच्या ताऱ्यांच्या मानानें रोज थोडाथोडा सरकतो. हा ठिपका मात्र जागचा हालेना. इंग्लंडांत बेव्हिस यानें १७३१ सालींच तो पाहिला होता, हें मेस्येला तेव्हां ठाऊक नव्हतें. अशा फसव्या ठिपक्यांनीं पुन्हां वेळ दवडूं नये म्हणून त्यानें त्यांची यादी करावयास घेतली, आणि हा ठिपका तींत पहिला घातला. १७७४ सालीं ४५ वस्तूंची यादी छापली गेली. तींतील शेवटच्या वस्तु आपणांस परिचित आहेत : ४२ वा मृगांतील तेजोमेघ, ४४ वा आपला पुष्य आणि ४५ व्या कृत्तिका. कृत्तिकांना धूमकेतु समजण्याइतका तो भोळा खचित नव्हता. यादी जरा भरीव दिसावी म्हणून त्यानें त्या घातल्या असाव्यात असा अनेकांचा तर्क आहे. १७८१ सालीं मित्र मेशँ याच्या साह्यानें यादी १०३ वर गेली.

पंधराव्या लुई राजानें त्याला, बिळांतून सावज हुडकणाऱ्या एका लहान प्राण्याचें नांव विनोदानें दिलें होतें. दुःखेंही त्याच्या वांट्यास पुष्कळ आलीं. १७७२ सालीं पत्नी प्रसूतीनंतर थोड्याच दिवसांत वारली, आणि पाठोपाठ बालकही गेलें. ६ नोव्हेंबर १७८१ रोजीं, न्यायाधीश व गणिती बोशार द सारों या मित्राबरोबर बागेंत फिरत असतां, तो बर्फ सांठविण्याच्या तळघरांत सुमारें २५ फूट खालीं कोसळला. हात, मांडी, बरगड्या मोडल्या. वर्षभर अंथरुणांत काढून १२ नोव्हेंबर १७८२ रोजीं बुधाचें अधिक्रमण पाहण्यास तो पुन्हां दुर्बिणीपाशीं उभा राहिला.

पुढें राज्यक्रांति झाली. वेतन बंद पडलें. दिव्याला तेल देखील लालांद या ज्योतिर्विदाकडून मागून आणावें लागे. अशा दिवसांत, सप्टेंबर १७९३ मध्यें, त्यानें आणखी एक धूमकेतु शोधिला. तो सूर्याच्या तेजांत लपल्यावर पुढें कोठें निघेल याचें गणित कोण करणार? सारों तर तुरुंगांत होता. तेथेंच बसून त्यानें मेस्येच्या नोंदींवरून कक्षा मांडली. आणि त्या गणिताच्या आधारें धूमकेतु परत सांपडला. मेस्येनें ही बातमी गुप्तपणें तुरुंगांत पोंचविली. २० एप्रिल १७९४ रोजीं सारोंचा शिरच्छेद झाला.

१८०६ सालीं नेपोलियननें मेस्येचा सन्मान केला. १२ एप्रिल १८१७ रोजीं, वयाच्या ८६ व्या वर्षीं, पॅरिसमध्यें तो मरण पावला. ज्या धूमकेतूंसाठीं त्यानें झोंप सोडली, त्यांपैकीं १७७० चा धूमकेतु गुरूच्या ओढीनें कोठच्या कोठें फेंकला गेला आणि पुन्हां दिसलाच नाहीं. यादींतील ३१ वा ठिपका, देवयानींतील, हें ताऱ्यांचें स्वतंत्र विश्व असून त्याचा प्रकाश येथें यावयास सुमारें २५ लक्ष वर्षें लागतात, हें विसाव्या शतकांत कळलें. आणि पहिला ठिपका, १०५४ सालीं चीनमधील ज्योतिष्यांनीं ज्या ताऱ्याचा स्फोट पाहिला त्याचा अवशेष, वृषभाच्या शिंगापाशीं त्यानें खूण केली तेथेंच आहे.