विश्लेषण : आपण मूळचे कुठले? डीएनए चाचणीच्या आधी इरावती कर्वे यांनी हा शोध कसा घेतला?

संध्याकाळी क्रांती चौकाच्या सिग्नलवर एकाच जातीची, एकाच आडनावाची दोन माणसे शेजारी उभी असतील. त्यांचे पूर्वजही एकच असतील का? आज असे प्रश्न प्राचीन हाडांतील डीएनएला विचारले जातात. इरावती कर्वे यांच्याकडे मात्र कॅलिपर, मोजपट्टी आणि पुढे रक्तगट, एवढीच साधने होती.

कवट्यांनी काय सांगितले?

15 डिसेंबर 1905 रोजी ब्रह्मदेशात जन्मलेल्या या मुलीला तिथल्या इरावती नदीचे नाव मिळाले. शिक्षण पुण्यात हुजूरपागा आणि फर्ग्युसनमध्ये, नंतर मुंबईत गो. स. घुर्ये यांच्याकडे. दिनकर कर्वे यांच्याशी लग्न झाल्यावर त्या बर्लिनला निघाल्या. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचणारे सासरे महर्षी कर्वे यांचा त्याला विरोध होता, हे आज वाचताना नवल वाटते.

बर्लिनमध्ये मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर. वंशश्रेष्ठतेच्या ज्या कल्पना पुढे नाझींनी राबवल्या, त्यांना शास्त्राचा मुलामा देणाऱ्यांपैकी ते एक. गोऱ्या युरोपीय माणसाच्या कवटीची उजवी-डावी बाजू अधिक विषम असते आणि ते बुद्धीचे लक्षण आहे, असा त्यांचा कयास. इरावतीबाईंनी 149 कवट्या मोजल्या. विषमता सगळीकडेच होती. तिचा वंशाशी संबंध आढळला नाही. पदवी ज्यांच्या हातात, त्यांचाच कयास खोटा ठरवणारा प्रबंध या पंचविशीतल्या विद्यार्थिनीने सादर केला.

तरीही मोजमाप त्यांनी सोडले नाही. वंशवाद्यांच्या हातातले तेच हत्यार घेऊन त्या महाराष्ट्रभर फिरल्या. ही विसंगती नजरेआड करू नये. पण त्यांचा प्रश्न वेगळा होता. कोण श्रेष्ठ हे नव्हे, तर कोण कुठून आले, हे त्यांना शोधायचे होते.

जातीबद्दल त्यांचे म्हणणे काय होते?

1939 पासून त्या डेक्कन कॉलेजात होत्या. 1944 मध्ये हसमुख सांकळिया यांच्यासोबत गुजरातेत लांघणज येथे उत्खननाला गेल्या. तिथे अश्मयुगीन मानवी सांगाडे मिळाले. महाराष्ट्रात त्यांना दिसले ते असे: कुंभार म्हटले तरी थोरचाके वेगळे, लहानचाके वेगळे, चाक निराळे आणि बेटीव्यवहारही नाही. त्यावरून त्यांनी मांडले, की एक मोठी जात फुटून पोटजाती झाल्या असे नाही, तर मुळात वेगळे असलेले गट एका नावाखाली आले. हे थेट गुरू घुर्ये यांच्या विरोधात जाणारे होते. कैलाश मल्होत्रा यांच्यासह महाराष्ट्रातील आठ ब्राह्मण गटांची जैविक तुलना त्यांनी 1968 मध्ये प्रसिद्ध केली. त्याच वर्षी ‘युगान्त’ला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि वाचकांना त्या लेखिका म्हणूनच लक्षात राहिल्या. 11 ऑगस्ट 1970 रोजी त्यांचे निधन झाले.

डीएनएने त्यांना खरे ठरवले का?

अर्धेच. 2013 च्या एका जनुकीय अभ्यासानुसार सुमारे 4,200 ते 1,900 वर्षांपूर्वी भारतातील लोकसमूह मोठ्या प्रमाणावर एकमेकांत मिसळले; त्यानंतर जातीतल्या जातीत लग्ने रूढ झाली. म्हणजे गटांमधील भिंती जुन्या, हे त्यांचे बरोबर. पण त्यांच्या आधीची सरमिसळ कॅलिपरला दिसणे शक्य नव्हते.

त्यांच्याच डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली हरियाणातील राखीगढीचा डीएनए 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. उष्ण हवामानात डीएनए लवकर नष्ट होतो. 60 हून अधिक नमुने तपासल्यावर एका स्त्रीचा हाती लागला. त्यात मध्य आशियाई गवताळ प्रदेशातील पशुपालकांचा अंश नव्हता. आजच्या बहुतेक भारतीयांत तो कमी-अधिक आढळतो. असा डीएनए टिकण्याची सर्वाधिक शक्यता कवटीतच असते, कानाच्या आतल्या घट्ट हाडात.

क्रांती चौकातून पुण्याच्या रस्त्याला लागले, की दीडेक तासावर नेवासे आहे. तिथल्या लाडमोड टेकडीवर सांकळियांना ताम्रपाषाणयुगीन वस्ती सापडली होती. त्या काळातले लोक आपली दगावलेली मुले मातीच्या भांड्यांत ठेवून घराच्या जमिनीखालीच पुरत असत.